‘एस इन द होल’ (१९५१): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट पाहून झाल्यावर लोक जे प्रश्न पाठवतात, ते बहुतेक फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते एकदाचे एका जागी मांडले आहेत. पहिल्या पाच प्रश्नांत शेवट फोडलेला नाही. सहाव्यापासून पुढे काहीच राखून ठेवलेलं नाही, तेव्हा ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी पाचव्यावरच थांबावं.

१. चित्रपट कोणाचा आणि त्यात कोण कोण आहे?

दिग्दर्शक बिली वाइल्डर, स्टुडिओ पॅरामाउंट, साल १९५१. कृष्णधवल आहे आणि लांबी दोन तासांना जरा कमी. कर्क डग्लस हा चक टेटम नावाचा बातमीदार, जॅन स्टर्लिंग ही लोरेन, रिचर्ड बेनेडिक्ट हा तिचा नवरा लिओ मिनोसा, पोर्टर हॉल हे संपादक बूट, रे टील हा शेरिफ (तिथला निवडून येणारा पोलीस प्रमुख) आणि रॉबर्ट आर्थर हा हर्बी नावाचा पोरसवदा छायाचित्रकार. पटकथा वाइल्डर, लेसर सॅम्युअल्स आणि वॉल्टर न्यूमन यांची, छायाचित्रण चार्ल्स लँगचं. चार्ल्स ब्रॅकेट या जुन्या लेखन-जोडीदारापासून वेगळं झाल्यावर वाइल्डरने केलेला हा पहिला चित्रपट. निर्माताही तो स्वतःच होता.

२. गोष्ट थोडक्यात सांगाल का?

मोठमोठ्या शहरांतल्या ११ वर्तमानपत्रांनी हाकललेला टेटम न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीमध्ये येऊन पडतो आणि तिथल्या लहानशा दैनिकात नोकरी धरतो. एक तगडी बातमी मिळाली की पुन्हा न्यूयॉर्क गाठायचं, असा त्याचा हिशेब असतो. वर्ष उलटतं, बातमी काही मिळत नाही. मग खुळखुळ्या सापांच्या शिकारीची बातमी करायला निघालेला असताना वाटेत पेट्रोलसाठी तो एका आडगावी थांबतो. तिथे कळतं की दुकानाचा मालक लिओ जुनी आदिवासी मडकी शोधायला डोंगरातल्या गुहेत शिरला आणि छत कोसळून आत अडकला. टेटम आत सरपटत जातो, लिओशी बोलतो, त्याचा फोटो काढतो. बाहेर येतो तो सबंध बातमी डोक्यात जुळवूनच.

३. ‘द बिग कार्निव्हल’ हा वेगळा चित्रपट आहे का?

नाही, तोच आहे. अमेरिकेत गल्ला जमेना, तेव्हा स्टुडिओने वाइल्डरला न विचारता नाव बदललं. नवं नावही चाललं नाही. जुन्या याद्यांमध्ये अजून दोन्ही नावं सापडतात, म्हणून हा गोंधळ.

४. मूळ नावाचा अर्थ काय?

पोकरच्या काही प्रकारांत एक पान पालथं ठेवलेलं असतं, ते फक्त खेळणाऱ्यालाच ठाऊक असतं. ते पान एक्का असला तर डाव आपल्या हातात. आपल्याकडे ‘हुकमाचा एक्का’ म्हणतात, जवळपास तोच भाव. फक्त ‘होल’ म्हणजे भोकही, आणि इथे त्या भोकात खरोखर एक जिवंत माणूस आहे. हा दुहेरी अर्थ मराठीत आणता येत नाही, म्हणून इथे मूळ नावच ठेवलं आहे.

५. घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे का?

मोठ्यांबरोबर, हो. मारधाड फार नाही. पण छातीपर्यंत मातीत गाडलेल्या माणसाचा श्वास पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. लहान मुलांना तो झेपणार नाही.

६. ही सत्यकथा आहे का?

सरळ सत्यकथा नाही, पण दोन खऱ्या घटनांच्या खांद्यावर ती उभी आहे.

पहिली फ्लॉइड कॉलिन्सची. ३० जानेवारी १९२५ रोजी केंटकीमधल्या सँड केव्ह या गुहेत सरपटत असताना एक दगड निखळून त्याच्या पायावर बसला. दगड काही फार मोठा नव्हता, पण जागा इतकी चिंचोळी की कोणाचा हात तिथवर पोचेना. वर बघ्यांची झुंबड उडाली, हजारोंच्या संख्येने लोक आले, खाण्यापिण्याच्या वस्तू विकणारेही आले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी पहिली पानं त्याला दिली आणि तेव्हा नव्यानेच आलेल्या रेडिओने क्षणाक्षणाची खबर पोचवली. बचाव करणारे १६ फेब्रुवारीला त्याच्यापर्यंत पोचले, तोवर तो गेलेला होता.

दुसरी घटना एप्रिल १९४९ मधली. कॅलिफोर्नियातल्या सॅन मरीनो इथे कॅथी फिस्कस ही तीन वर्षांची मुलगी वापरात नसलेल्या विहिरीच्या पाइपात पडली. लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीने सलग २७ तास तिथून थेट प्रक्षेपण केलं. तीही वाचली नाही.

कॉलिन्सचं नाव चित्रपटात थेट येतं. गाडीतून जाताना टेटम हर्बीला त्याची हकिकत ऐकवतो. ही हकिकत तो कशी सांगतो ते नीट ऐकण्यासारखं आहे. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

७. म्हणजे कॉलिन्सच्या बातमीदारानेही टेटमसारखंच केलं का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. लुइव्हिलच्या ‘कुरिअर-जर्नल’चा विल्यम बर्क मिलर, ज्याला ‘स्कीट्स’ म्हणत, अंगाने किरकोळ होता, म्हणून इतरांना जाता येत नव्हतं तिथवर तो पोचू शकला. तो पुन्हा पुन्हा आत गेला, कॉलिन्सला खाणं पोचवलं, दगड हलवायच्या खटपटीत स्वतः राबला आणि त्याच्याशी झालेलं बोलणं लिहिलं. १९२६ मध्ये त्याला पुलित्झर हे अमेरिकी पत्रकारितेतलं मानाचं बक्षीस मिळालं ते या वार्तांकनासाठी.

टेटम मात्र ही हकिकत सांगताना दोनच गोष्टी उचलतो: माणूस आत गेला आणि बक्षीस घेऊन बाहेर आला. मधलं सगळं तो गाळतो. चित्रपटात टेटमचं पहिलं पाप कुठे घडतं असं कोणी विचारलं, तर मी याच प्रवासाकडे बोट दाखवेन.

८. टेटम खोट्या बातम्या छापतो का?

चित्रपटाबद्दल येणाऱ्या प्रश्नांतला हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून उत्तर जरा लांबलं आहे.

मसाला तो भरतोच. डोंगराला सात गिधाडांचं नाव आहे, तेव्हा आदिवासींच्या प्राचीन शापाची फोडणी देतो. नवऱ्याला टाकून पळून निघालेल्या लोरेनला तो शोकाकुल पत्नी बनवून टाकतो. ती हसताना दिसली तर गालावर चापट ओढून तिचा चेहरा ‘जुळवून’ घेतो. पण बातमीचा गाभा खरा असतो. लिओ खरोखर अडकलेला आहे. आई खरोखर मेणबत्त्या लावून प्रार्थना करते आहे. गर्दी खरोखर जमली आहे. न्यूयॉर्कच्या एखाद्या चिकित्सक उपसंपादकाने प्रत्येक वाक्य तपासलं असतं, तरी त्याला फारसं काही सापडलं नसतं.

खोटं आहे ते आतमध्ये चाललेल्या कामाचं वेळापत्रक. कंत्राटदार सांगतो की आतल्या भिंतींना टेकू लावत गेलं तर माणूस एका दिवसाच्या आत बाहेर काढता येईल. टेटमला एक दिवस पुरत नाही, त्याला आठवडा हवा असतो. शेरिफला निवडणूक जिंकायची असते. दोघं मिळून कंत्राटदाराला डोंगराच्या माथ्यावरून ड्रिल लावायला भाग पाडतात. ते दिसायलाही दमदार आणि वेळही भरपूर खाणारं. त्यानंतर टेटमला खोटं लिहावंच लागत नाही. त्याने घटनाच आपल्या सोयीने लांबवलेली असते, रोज ती जशीच्या तशी टिपली की झालं.

संपादक बूट यांच्या कचेरीत भिंतीवर ‘सत्य सांगा’ असं भरतकाम केलेली चौकट टांगलेली आहे. ती पाहून लोक हसतात आणि साधाभोळा उपदेश समजून सोडून देतात. मला तिच्यातली खोच वेगळी वाटते. टेटमची बरीचशी वाक्यं त्या चौकटीखाली बिनदिक्कत छापता आली असती.

९. पण मग नेमकं अनैतिक काय? तो तर फक्त बातमी देत होता.

हा प्रश्न बहुधा पत्रकारितेचे विद्यार्थी विचारतात. बातमीदार घटनेत उतरला म्हणून तो दोषी ठरत नाही, मिलरही उतरला होता (प्रश्न ७). फरक हा की मिलरने घातलेला हात माणूस लवकर बाहेर यावा म्हणून होता आणि टेटमचा तो उशिरा यावा म्हणून. शिवाय टेटम शेरिफशी सौदा करतो: इतर बातमीदारांना गुहेत सोडायचं नाही, मी तुला निवडून आणतो. बदल्यात त्याला शेरिफच्या सहायकाचा बिल्ला मिळतो. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याचाच बिल्ला छातीवर.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं आपण पाहिलेली असतात. इथला माणूस मढं होण्याआधीच हजर आहे.

१०. सगळा दोष टेटमचाच का? कंत्राटदार नाही म्हणू शकला असता.

म्हणू शकला असता. तो सुरुवातीला हरकत घेतोही, पण पुढची कामं हातची जातील म्हटल्यावर गप्प बसतो. शेरिफ तर खोक्यात खुळखुळा साप पाळणारा गडी, त्याच्याकडून अपेक्षाच नको. हर्बी पहिल्यांदा बिचकतो, मग त्यालाही चटक लागते. लिओचे आईवडील एवढेच निर्दोष, आणि त्यांना कोणी काही विचारतच नाही.

पण वाइल्डरचा खरा रोख फेडरबर कुटुंबावर आहे. विमा विकणारा गृहस्थ, बायको, दोन मुलं, सुट्टीला निघालेले. ते पहिले बघे. नंतर कोणी दुसराच ‘आम्ही आधी आलो’ म्हणू लागला तर फेडरबर रागावतो, हा मान त्याला हवा आहे. बाई कनवाळू आहे, लिओसाठी तिचा जीव खरोखर तुटतो. तरी त्यांची गाडी तिथून हलत नाही. दुष्ट माणूस पडद्यावर पाहणं सोपं असतं. फेडरबर पाहताना मी दर वेळी खुर्चीत जरा सरकून बसतो.

११. लोरेन ही खलनायिका आहे का?

मला नाही वाटत. ती कंटाळलेली आहे, गल्ल्यातले ११ डॉलर उचलून निघालेली आहे आणि प्रेमाचं सोंग करत नाही. तिला थांबवतो तो टेटम, पैशाचं गाजर दाखवून. चित्रपटात स्वतःबद्दल खोटं न बोलणारी बहुधा ती एकटीच. जॅन स्टर्लिंगला या भूमिकेसाठी नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू या अमेरिकी चित्रपटसंस्थेचा १९५१ चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. फरच्या पट्ट्याचा प्रसंग प्रश्न १३ मध्ये.

१२. आतून टेकू लावणं खरंच शक्य होतं, की ही पटकथेची सोय आहे?

चित्रपटापुरतं शक्य होतं, अनुभवी कंत्राटदाराच्या तोंडून ते स्पष्ट वदवलेलं आहे. पुढे लिओला न्यूमोनिया होतो, टेटम घाबरून ‘आता आतून काढा’ म्हणतो, तेव्हा कळतं की ड्रिलच्या हादऱ्यांनी आतल्या भिंती इतक्या खिळखिळ्या झाल्या आहेत की तो मार्ग कायमचा बंद झाला आहे.

खऱ्या घटनेत नेमकं उलटं होतं. केंटकीत आतली वाट ४ फेब्रुवारीच्या सुमारास आपोआप ढासळली, म्हणून बाजूने विवर खणण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. वाइल्डरने ही नाइलाजाची गोष्ट उचलून तिची निवड केली. सगळी पटकथा या एका बदलावर तोललेली आहे.

१३. शेवटी टेटमला पश्चात्ताप होतो का?

होतो, पण उशिरा आणि अर्धवट. लग्नाच्या वाढदिवसासाठी लिओने घेऊन ठेवलेला फरचा पट्टा टेटम लोरेनला जबरदस्तीने गळ्यात घालायला लावतो आणि तोच आवळू लागतो. ती हाताला लागलेली कात्री त्याच्या पोटात खुपसते. जखम घेऊनच तो पाद्री आणून लिओला अंतिम संस्कार मिळवून देतो. लिओ शेवटपर्यंत त्यालाच आपला जिवलग मित्र समजत असतो. मग डोंगरमाथ्यावर चढून, ध्वनिक्षेपकावरून, तो लिओ गेल्याचं जाहीर करतो आणि गर्दीला घरी जायला सांगतो.

गंमत बघा, याच गडबडीत मृत्यूची बातमी न्यूयॉर्कच्या संपादकाला, म्हणजे लिओच्या बातमीच्या जोरावर ज्याने त्याला पुन्हा नोकरी दिली त्यालाच, पाठवायची राहून जाते. ती बाकीचे बातमीदार पाठवतात आणि टेटमची नोकरी जाते. मग तो फोन करून सांगू पाहतो की लिओ मेला नाही, मारला गेला. संपादक ऐकून घेत नाही. आयुष्यातली त्याची सगळ्यात खरी बातमी, आणि गिऱ्हाईक नाही. काही जण याला प्रायश्चित्त म्हणतात. मला ते मान्य नाही. कबुलीसुद्धा तो आधीपेक्षा मोठी बातमी म्हणूनच विकायला काढतो.

१४. शेरिफला शिक्षा होते का?

पडद्यावर होताना दिसत नाही.

१५. त्या काळी चित्रपट आपटला का? पत्रकार चिडले होते का?

अमेरिकेत आपटला. तिथल्या बऱ्याच समीक्षकांना तो कडवट आणि अतिशयोक्त वाटला, कोणताही संपादक किंवा पोलीस अधिकारी असं चालू देणार नाही, असा त्यांचा सूर होता. परीक्षण लिहिणारे स्वतः वर्तमानपत्रांत नोकरीला होते, ही बाब विसरू नये. युरोपात स्वागत बरं झालं. व्हेनिसच्या महोत्सवात १९५१ मध्ये त्याला पारितोषिक मिळालं, आणि पटकथेला ऑस्करचं नामांकनही होतं.

वाइल्डर उपऱ्याच्या नजरेने लिहीत होता असंही नाही. तरुणपणी व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये त्याने बातमीदारी केलेली होती. दार ठोठावून दुःखात असलेल्या माणसाकडून दोन वाक्यं काढायची म्हणजे काय, हे त्याला ऐकून माहीत नव्हतं. पुढे काळाने मत बदललं. २०१७ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत घेतला.

१६. वाइल्डरने कल्पना चोरली असा खटला झाला होता, ते खरं का?

खटला खरा, ‘चोरी सिद्ध झाली’ हे मात्र खरं नाही. व्हिक्टर डेस्नी याचं म्हणणं असं की १९४९ मध्ये त्याने वाइल्डरच्या कचेरीत फोन करून कॉलिन्सच्या कथेवर चित्रपट काढण्याची कल्पना सेक्रेटरीला सांगितली होती आणि वापरली तर मोबदला द्यावा असंही बजावलं होतं. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५६ च्या निकालाचा मथितार्थ असा: नुसत्या कल्पनेवर मालकी सांगता येत नाही, पण पैसे मिळतील या समजुतीवर कल्पना सांगितली गेली आणि समोरच्याने ती त्याच समजुतीवर घेतली, तर त्यातून करार निघू शकतो. म्हणजे डेस्नीला दाद मागण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे तडजोड झाली. हॉलिवूडमध्ये न मागवलेली कथा ऐकायलाही स्टुडिओ का कचरतात, याचं एक कारण या निकालात आहे.

१७. आज बघताना काही खटकतं का?

खटकतं. मूळ आदिवासी पात्रांना तोंडी लावण्यापुरतंच काम आहे. कचेरीत पाऊल ठेवताच टेटम तिथल्या आदिवासी कर्मचाऱ्याला थट्टेने ‘हाउ’ (हॉलिवूडने आदिवासींच्या तोंडी घातलेलं साचेबद्ध अभिवादन) म्हणतो आणि तो शांतपणे, शुद्ध इंग्रजीत दुपारचं अभिवादन परत करतो. त्या जागी चित्रपट टेटमवर हसतो आहे, हे उघड आहे. पण त्यानंतर त्या माणसाचं पुढे काही होत नाही. लोरेनला मारलेल्या चापटीकडेही आजचा प्रेक्षक त्या काळासारखा पाहू शकणार नाही, पाहूही नये.

१८. एकदा पाहिला आहे. पुन्हा पाहताना कशाकडे लक्ष ठेवू?

तीन गोष्टींकडे. एक, डोंगराच्या पायथ्याशी असलेली पाटी. आधी प्रवेश फुकट, मग २५ सेंट, मग ५०, मग १ डॉलर. कोणी त्यावर बोलत नाही, आकडा तेवढा बदललेला दिसतो. पाठोपाठ जत्रेचे पाळणे येतात, लिओच्या नावाचं गाणं येतं, गर्दीसाठी खास आगगाडी सुटते.

दोन, पट्टा. बूट कमरेला पट्टाही लावतात आणि वर खांद्यावरून गॅलिसही घालतात. पहिल्या भेटीत टेटम त्यावरून ओळखतो की हा माणूस सावध आहे, खोटं छापणार नाही. वर्षभरानंतर त्याच कचेरीत टेटमच्या अंगावरही दोन्ही दिसतात. डोंगराकडे गेल्यावर त्याचे कपडे पाहा.

तीन, कॅमेऱ्याची उंची. सुरुवातीला बिघडलेली गाडी ओढून आणली जाते आणि टेटम तिच्यात ऐटीत बसून पेपर वाचत असतो. शेवटी तो त्याच कचेरीत परततो, दिवसाला १,००० डॉलरचा बातमीदार फुकटात घ्या म्हणतो आणि कोसळतो. कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला आहे, त्यामुळे त्याचा चेहरा पडद्याच्या अगदी पुढ्यात येऊन आदळतो.